न्यूजलेटरचा कन्फर्मेशन मेल: एक प्रश्न विचारा अन् गप्प बसा

संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. काटोलच्या मामांनी माझ्या संत्र्याच्या पत्राचा फॉर्म भरला (मी दर रविवारी बागायतदारांसाठी एक मेल पाठवते, कळमना बाजाराचे भाव, हवामान, फवारणी वगैरे), अन् दोन आठवड्यांनी फोन केला, "काहून वं पोरी, तुझं पत्र तं येऊनच नाही राहिलं." मी बघितलं तर नाव होतं, पण कन्फर्म नव्हतं. म्हटलं मामा, तुम्हाला एक मेल आला असेल, त्यातलं बटन दाबायचं होतं. तर म्हणे, "नाव टाकलं ना मी एकदा, मंग अजून काय विचारून राहिली?"

मला वाटलं मामांचं वय झालंय. नंतर यादी काढून पाहिली तर असे मामा बम निघाले, त्यात पंचविशीतले पण होते. म्हणजे चूक माझीच होती. तो मेल मी पुन्हा पुन्हा लिहिला, तोडला, परत लिहिला, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने सांगते. नागपुरातल्या खामल्याच्या घरून एक पत्र चालवणाऱ्या बाईचा अनुभव आहे, फार मोठी टीम वगैरे नाही माझ्याकडे, पण छोट्यांना तेच जास्त कामाचं.

आधी, हा मेल लागतोच कशाला

फॉर्म भरला की सरळ यादीत टाकायचं, याला सिंगल ऑप्ट-इन म्हणतात. मेल पाठवून बटन दाबायला लावायचं अन् मगच यादीत घ्यायचं, ते डबल ऑप्ट-इन. पहिल्याने यादी लवकर वाढते हे खरंय, मेलचिंप या मेल पाठवणाऱ्या सर्व्हिसने तर २०१७ मध्ये आपल्या फॉर्मचं डीफॉल्टच सिंगल करून टाकलं होतं. पण लोक पत्ता टाइप करताना जीमेलचं गमेल करतात, डॉट कॉमचं डॉट कॉन करतात, कोणी गंमत म्हणून मित्राचा पत्ता टाकतो, अन् बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम) तर फॉर्म दिसला की भरतातच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर कोणीतरी बॉट लावून सरकारी लोकांचे पत्ते हजारो न्यूजलेटरांच्या फॉर्ममध्ये भरले होते, त्यांचे इनबॉक्स बुडाले, अन् कन्फर्मेशन न विचारणाऱ्या कितीतरी पाठवणाऱ्यांना स्पॅमहाउस या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थेने ब्लॉकलिस्टमध्ये (मेल अडवायच्या यादीत) टाकलं.

अन् फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल अन् याहूने नियम कडक केलेत. जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवत असाल तर स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, शक्यतो ०.१ च्या खाली. ०.३ म्हणजे हजारात तीन जण. आपण ५००० पाठवत नाही म्हणून निवांत बसू नका, स्पॅमचं बटन छोट्यांना पण लागतं, अन् ज्याने पत्र मागितलंच नाही तो ते दाबणारच. शिवाय आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आलाय, त्यात संमती ही स्पष्ट कृतीतून दिलेली पाहिजे अन् ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे असं आहे. बटन दाबलेलं रेकॉर्ड हातात असलं की बोलायला जागा राहते.

मेलच्या आधीची पायरी, जी मी वर्षभर विसरले होते

मामांचा घोळ मेलमध्ये झालाच नव्हता, तो फॉर्म भरल्यानंतरच्या पानावर झाला होता. तिथे माझ्याकडे लिहिलं होतं "धन्यवाद! आपली नोंदणी झाली आहे." आता नोंदणी झाली म्हटल्यावर माणूस मेल कशाला उघडेल? त्याने फोन खिशात टाकला अन् निघाला.

आता तिथे असं आहे: "अजून एक काम बाकी आहे. आम्ही अमुक पत्त्यावर मेल पाठवलाय, तो उघडा अन् केशरी बटन दाबा, मगच पत्र सुरू होईल." अमुकच्या जागी त्याने टाइप केलेला पत्ता जसाच्या तसा दाखवायचा, मोठ्या अक्षरात, कारण चूक असली तर ती इथेच डोळ्यात भरते. खाली छोटी लिंक, "पत्ता चुकला? बदला". मग एक ओळ, मेल कोणाच्या नावाने येईल अन् विषय काय असेल ती, अन् पाच मिनिटांत नाही दिसला तर प्रमोशन्स टॅब अन् स्पॅम बघा. एवढंच.

फॉर्मवरच काय येणार अन् कधी येणार ते लिहा. "दर रविवारी सकाळी एक मेल" हे चार-पाच शब्द फॉर्मवर, त्या पानावर अन् मेलमध्ये सारखेच ठेवा, म्हणजे माणसाला ओळख पटते.

पाठवणारा कोण दिसतो

इनबॉक्समध्ये सगळ्यात आधी नाव दिसतं, विषय नंतर. नो-रिप्लाय नावाच्या पत्त्यावरून पाठवू नका, ते म्हणजे दार ठोठावायचं अन् उघडलं की पाठ फिरवायची. मी माझं नाव अन् पत्राचं नाव दोन्ही टाकते अन् उत्तर दिलं तर ते माझ्याच इनबॉक्समध्ये येतं (याचा फायदा शेवटी सांगते).

पत्ता स्वतःच्या डोमेनचा पाहिजे, म्हणजे @ च्या पुढे तुमचंच नाव. एखाद्या मेल पाठवणाऱ्या सर्व्हिसमधून जीमेलचा पत्ता फ्रॉममध्ये टाकून पाठवलं तर ते आता चालत नाही, जीमेलच्या नावाने बाहेरून आलेल्या मेलवर गूगल संशय घेतं अन् मेल सरळ स्पॅममध्ये जाऊ शकतो. डोमेन घेतलं की डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती जिथे ठेवतात तिथे) तीन नोंदी करायच्या:

एसपीएफ, म्हणजे माझ्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी. ही नोंद डोमेनला एकच असते, दोन टाकल्या तर दोन्ही बाद, अन् तिच्यात दहाच्या वर डीएनएस लुकअप (आतून आणखी नोंदी शोधायला लावणं) चालत नाहीत.

डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर सही. किल्ली तुमची सर्व्हिस देते, तुम्ही फक्त चिकटवायची.

डीमार्क, म्हणजे वरच्या दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर समोरच्याने काय करायचं त्याची सूचना. सुरुवातीला पॉलिसी "नन" (none, म्हणजे काहीच करू नका) ठेवा, रिपोर्ट बघा, मग कडक करा.

हे करायला एक दुपार लागते, नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तसंही बाहेर पडून काय करणार. अन् हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका, मेल पोचलाच नाही तर मजकूर कितीही गोड असो.

विषयाची ओळ

माझी पहिली ओळ होती "कृपया आपल्या सदस्यत्वाची पुष्टी करावी". वाचूनच वाटतं तहसील कचेरीतून नोटीस आली. पुष्टी हा शब्द आपण घरात कधी बोलतो का? दुसऱ्या खेपेला मी उलट्या टोकाला गेले, "स्वागत आहे!! 🎉", ते तर अजून वाईट, कारण स्वागत झालं म्हटल्यावर काम संपलं, कोणी उघडलंच नाही. कन्फर्मेशनचा मेल हा स्वागताचा मेल नाहीच, तो एक प्रश्न आहे. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर भाऊ विचारतो ना, "तर्री टाकू?", अन् हात थांबवून तुमच्याकडे बघतो. तेवढंच. तो तेव्हा तुम्हाला ठेल्याचा इतिहास सांगत नाही.

आता माझी ओळ आहे: "संत्र्याचं पत्र पाठवू ना? एकदा हो म्हणा". मोबाईलवर सुरुवातीचे पाच-सहा शब्दच धड दिसतात म्हणून पत्राचं नाव आधी. विषयाच्या खाली जी फिकट ओळ दिसते, प्रीहेडर, ती रिकामी सोडली तर मेलमधलं काहीही पहिलं वाक्य तिथे येऊन बसतं, माझ्या जुन्या मेलमध्ये "हा मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा" हेच दिसायचं. तिथे लिहा, "बटन दाबलं की रविवारपासून पत्र सुरू".

आतला मजकूर

माझा सध्याचा मेल पूर्ण देते, घ्या अन् आपल्या हिशोबाने बदला:

"नमस्कार,

संत्र्याच्या पत्रासाठी हा पत्ता कोणीतरी आत्ता आमच्या फॉर्ममध्ये टाकला. तुम्हीच टाकला असेल तर खालचं बटन दाबा, येत्या रविवारपासून दर आठवड्याला एक मेल येईल.

हो, मला पत्र पाठवा

बटन चालत नसेल तर ही लिंक ब्राउझरमध्ये चिकटवा. लिंक तीन दिवस चालेल.

तुम्ही पत्ता दिला नसेल तर काहीच करू नका, उद्या एक आठवण येईल, त्यानंतर आम्ही मेल पाठवणार नाही."

खाली माझं नाव अन् पत्राचा पत्ता. संपलं.

बटनावर "सबमिट" किंवा "येथे क्लिक करा" लिहू नका. बटन म्हणजे वाचणाऱ्याचं उत्तर आहे, त्याच्या तोंडचं वाक्य लिहा. "काहीच करू नका" ही ओळ फार मोलाची, कारण ज्याचा पत्ता चुकून पडला त्याला वाट दाखवली नाही तर तो स्पॅमचं बटन शोधतो.

काय टाकू नये याची यादी लांब आहे. धरमपेठेतल्या एका कपड्याच्या दुकानासाठी मी असा मेल करून देत होते, तर शेठचं म्हणणं, पोळ्याची ऑफर पण टाकून द्या ना, माणूस मेल उघडूनच राहिला आहे तर. मी नाही म्हटलं. एक तर त्याने अजून होकारच दिला नाही, तर जाहिरात कशी पाठवायची, अन् दुसरं म्हणजे ऑफरची लिंक दिसली की माणूस तिकडे जातो अन् बटन राहून जातं. फेसबुक-इन्स्टाची चित्रं, मोठा बॅनर, संस्थापकाचं मनोगत, सगळं काढा. बॅनर तर मुळीच नको, कितीतरी ठिकाणी चित्रं बंद असतात अन् मग वरचा अर्धा स्क्रीन पांढरा दिसतो. बटन पण चित्राचं बनवू नका, टेबलच्या खान्याला रंग देऊन बनवा, म्हणजे आउटलुकमध्ये पण दिसेल. उंची निदान ४४ पिक्सेल, शेतातल्या माणसाचा अंगठा आहे तो.

देवनागरीची भानगड

याबद्दल इंग्रजी गाइडमध्ये काही नसतं, म्हणून जरा जास्त लिहिते.

सगळ्यात आधी, मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखा वाचता येणाऱ्या टायपिंगमध्ये) पाहिजे. महालातल्या एका डीटीपीवाल्या काकांनी मला मस्त मजकूर करून दिला होता, पण जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये, मेलमध्ये चिकटवला तर नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. तो फॉन्ट वाचणाऱ्याच्या फोनमध्ये नसतो ना. पुन्हा टाइप करा किंवा कन्व्हर्टरमधून काढा अन् मग र्‍ह, ट्य, श्र वगैरे जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

वेबफॉन्टचा (इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या फॉन्टचा) मोह टाळा, जीमेल ते उचलत नाही. सिस्टिममधले फॉन्ट सांगा: अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर देवनागरी. लाइन-हाइट (ओळींमधलं अंतर) इंग्रजीच्या टेम्प्लेटमध्ये असते तेवढी पुरत नाही, वरच्या ओळीचा उकार अन् खालच्या ओळीची वेलांटी भांडायला लागतात, मी १.६ ठेवते. अन् लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. विकतच्या टेम्प्लेटमध्ये बटनाच्या अक्षरांमध्ये जागा सोडलेली असते, इंग्रजीत ती छान दिसते, मराठीत शिरोरेषाच तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

मग एन्कोडिंग, म्हणजे मेलच्या आत अक्षरं कशी भरून पाठवतात ते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं असतं. "संत्रा" हा शब्द आपल्याला छोटा वाटतो पण आत सहा चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट, क्वोटेड-प्रिंटेबल या पद्धतीने पाठवला तर त्याची ५४ अक्षरं होतात अन् बेस६४ या दुसऱ्या पद्धतीने २४. म्हणून मराठी मेल बेस६४ मध्ये पाठवायचा, बहुतेक सर्व्हिस हे आपोआप करतात, पण स्वतः स्क्रिप्ट लिहिली असेल तर बघून घ्या. विषयाची ओळ पण वेगळी एन्कोड करावी लागते. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये ते केलं नव्हतं, तर काही जणांना विषयात नुसती प्रश्नचिन्हं गेली, एकाने उत्तरात विचारलं, "ताई, एवढे प्रश्न काहून?"

जीमेल मेलचा मजकूर १०२ केबीच्या आसपास कापतं, खाली "पूर्ण मेल बघा" अशी लिंक येते. कन्फर्मेशनचा मेल तिथवर जायलाच नको, जात असेल तर टेम्प्लेटमध्ये काहीतरी फालतू भरलंय. अन् एचटीएमएलसोबत साध्या मजकुराची प्रत नक्की जोडा.

लिंकच्या आतलं काम

टेक्निकल वाटलं तर हा भाग तुमच्या डेव्हलपरला वाचून दाखवा, पण सोडू नका.

लिंकमध्ये माणसाचा ईमेल पत्ता टाकू नका, लांबलचक रँडम टोकन (अंदाज लावता न येणारी अक्षरं-आकड्यांची ओळ) टाका. १, २, ३ असा नंबर तर बिलकुल नको, कोणीही पुढचा नंबर टाकून दुसऱ्याचं कन्फर्म करेल. टोकनला मुदत द्या, मी तीन दिवस ठेवलीय, कारण आमचे लोक तोडणीच्या दिवसांत रोज मेल बघत नाहीत.

आता खरी मेख. कंपन्यांच्या, कॉलेजांच्या मेलवर सुरक्षेचे स्कॅनर असतात, ते मेल पोचला की माणसाच्या आधी स्वतःच लिंक उघडून बघतात, आत काही वाईट तर नाही ना. तुमची लिंक नुसती उघडली की कन्फर्म होत असेल तर स्कॅनरच कन्फर्म करून मोकळा होतो. मग डबल ऑप्ट-इनचा उपयोग काय राहिला? माझ्या यादीत एकदा आयटी पार्कातल्या पत्त्यांवरून मेल पोचल्या-पोचल्या होकार यायला लागले, मी खुश, लोक किती तत्पर म्हणून. नंतर डोकं चाललं. उपाय सोपा आहे: लिंकने एक पान उघडायचं, त्यावर पुन्हा एकच मोठं बटन, अन् ते दाबल्यावरच पोस्ट रिक्वेस्टने कन्फर्म. एक टप्पा वाढतो, थोडे लोक गळतात, तरी मी हेच करते.

लिंक दुसऱ्यांदा दाबली तर एरर दाखवू नका, "तुमचं आधीच झालंय, निवांत राहा" असं दाखवा. मुदत संपली असेल तर त्याच पानावर पत्ता परत विचारा अन् "नवीन लिंक पाठवा" चं बटन द्या. फॉर्म लॅपटॉपवर भरला अन् मेल फोनवर उघडला तरी चालायला पाहिजे, कुकीच्या भरवशावर काही ठेवू नका. अन् या एका मेलसाठी क्लिक-ट्रॅकिंग (कोणी लिंक दाबली ते मोजणं) बंद करा, नाहीतर लिंकवर कुठल्यातरी तिसऱ्याच डोमेनचं नाव येतं अन् आजकाल लोकांना फसवणुकीच्या मेसेजची इतकी सवय झालीय की ते हात लावत नाहीत, अन् बरोबरच करतात.

फॉर्मला एक लपवलेलं खोटं खानं ठेवा, माणसाला दिसत नाही, बॉट भरतो, भरलं की गाळा. एका पत्त्यावर तासात एकच मेल जाईल अशी मर्यादा पण घाला.

वेळ

ताबडतोब. माझी स्क्रिप्ट आधी तासातून एकदा चालायची, फॉर्म भरणारा माणूस तोवर सीताबर्डीहून मेट्रोने घरी पोचून जेवून झोपायचा. मेल काही सेकंदात गेला पाहिजे, फोन हातात आहे तोवर.

बटन नाही दाबलं तर दुसऱ्या दिवशी एक आठवण, एकच. विषय तोच, वर एक ओळ, "काल पाठवलं होतं, राहून गेलं असेल". त्यानंतर गप्प, अन् मुदत संपली की पत्ता पुसून टाका. तिसरा मेल पाठवायचा नाही, कितीही वाटलं तरी.

होकार आल्यावर

कन्फर्म झाल्याच्या पानावर मात्र आता बोला, मन भरून बोला. मागचं एखादं चांगलं पत्र लगेच वाचायला द्या. स्वागताचा मेल आता, अनसबस्क्राइबच्या लिंकसकट. शेठची पोळ्याची ऑफर पण इथेच टाकली आम्ही शेवटी. मागे नोंद ठेवा: फॉर्म कधी भरला, बटन कधी दाबलं, तेव्हा फॉर्मवर कोणता मजकूर होता.

तपासणी

मेल किती जणांनी उघडला हा आकडा बघत बसू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये प्रायव्हसीचं जे आलं, त्याने चित्रं आधीच लोड होतात, न उघडलेला मेल पण उघडलेला दिसतो. तुमचा आकडा एकच, फॉर्म भरणाऱ्यांपैकी कितींनी बटन दाबलं. तो डोमेनप्रमाणे वेगळा काढा. जीमेलवाले दाबून राहिले अन् बाकी कुठल्या एका डोमेनवाले दाबत नाहीत असं दिसलं तर मजकूर बदलू नका, तिथे मेल पोचूनच नाही राहिला. जीमेलवर आपल्या मेलचं काय होतं ते दाखवणारं गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे, तिथे डोमेन जोडून ठेवा.

पाठवायच्या आधी मेल स्वस्तातल्या अँड्रॉइडवर, आउटलुकवर, चित्रं बंद करून अन् डार्क मोडमध्ये बघा. डार्क मोडमध्ये माझा काळ्या अक्षरांचा लोगो गायबच झाला होता, मग लोगोच काढला, कोणालाच फरक नाही पडला.

अन् शेवटी ते उत्तराचं. तुम्ही प्रश्न माणसासारखा विचारला की काही लोक बटन दाबतच नाहीत, ते सरळ उत्तर लिहितात. "हो पाठवा", "चालते ताई", एका नरखेडच्या भाऊंनी तर मृग बहाराला पाणी केव्हा सोडायचं ते पण त्यातच विचारलं. यांना "कृपया बटन दाबा" म्हणून परत पाठवू नका. हाताने यादीत घाला, त्यांचा मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तोच त्यांचा होकार. मामा आता याच फोल्डरमध्ये आहेत, त्यांचा मेल एका शब्दाचा आहे: "बरं".